पुराच्या खुणांवरून पंचवटी
(लेखमाला : क्षेत्रं समजून घेताना – भाग 6)

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की जुन्या नाशकात एकच प्रश्न तोंडोतोंडी होतो : मारुतीला पाणी कुठवर आलं? क्युसेकचे आकडे जाहीर होतच असतात, पण गोदाकाठच्या माणसाला ते दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजलेले हवे असतात. पुढे आणि मागे अशी दोन तोंडं असलेली ही उंच मूर्ती नदीपात्राला लागूनच उभी आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेपर्यंत चढलं, छातीला भिडलं, अशी बातमी घाटावरून बाजारात पोचते आणि सराफ बाजार, भांडी बाजारातली आवराआवर तिच्यावर ठरते.

मागच्या भागात त्र्यंबकेश्वर पाहिलं. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी साधारण तीस किलोमीटरवर नाशकात येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते. दक्षिणवाहिनी झालेलं हे पात्र आणि इथला अरुणेचा संगम, यांमुळे या जागेला तीर्थाचा मान आहे. देवळं त्यानंतर उभी राहिली. म्हणूनच पंचवटी पाहायला आलेल्या माणसाने आधी नदीपाशी उतरावं आणि मग पाणी जसं चढतं तसं वर जावं. रिक्षातून देवळांची यादी संपवणाऱ्याच्या हाती नावं लागतात, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र निसटतं.

सगळ्यात खाली रामकुंड. 1696च्या सुमारास बांधलेल्या या कुंडाची पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी दुरुस्ती केली. इथे अस्थी विरघळतात अशी श्रद्धा असल्याने देशभरातून लोक अस्थिविसर्जनासाठी येतात. सिंहस्थात वैष्णव आखाड्यांची स्नानं इथे होतात, तर शैव आखाड्यांची त्र्यंबकेश्वरला. एरवीच्या दिवशी भल्या सकाळी यावं. पिंडदानाचे विधी, भाजीबाजार आणि कपडे धुणाऱ्या बाया, सगळं एकाच घाटावर शेजारी शेजारी चालू असतं.

थोडं खालच्या अंगाला नारोशंकराचं देऊळ लागतं. मूळ नाव रामेश्वर, पण ते उच्चारतं कोण! सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये ते बांधलं. शिखरावरची नक्षी निवांत पाहावी अशीच आहे, तरी लोकांची नजर आधी जाते ती दर्शनी भिंतीवरच्या छत्रीत टांगलेल्या घंटेकडे. ती पोर्तुगीज घंटा आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. कुणाचा आवाज गल्लीभर घुमला की मराठी माणूस त्याला नारोशंकराची घंटा म्हणतो, ती हीच. पुराच्या हिशेबात तिचं स्थान फार वरचं : घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. पलीकडच्या काठावर सरकारवाड्याच्या पायऱ्या हेच काम करतात.

रामकुंडासमोर पायऱ्या चढून गेलं की कपालेश्वर. महादेवाच्या या देवळात पिंडीसमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग शंकराला नंदीने दाखवला, तो त्याचा गुरू झाला, म्हणून इथे तो समोर बसत नाही, अशी कथा पुजारी सांगतात. ती ऐकून मागे वळावं. इतक्या उंचीवरून कुंड, घाट आणि पूल एका नजरेत येतात आणि पूर कुठवर पोचत असेल याचा अंदाज आपसूक बांधता येतो.

त्याहून वर, नदीपासून दूर काळाराम. सरदार रंगराव ओढेकरांनी 1790च्या सुमारास पूर्ण केलेलं हे मंदिर काळ्या दगडाचं आहे, आणि तो दगड रामशेजच्या खाणींतला, असं सांगतात. प्रशस्त आवार, भोवती ओवऱ्या, गाभाऱ्यात राम, लक्ष्मण, सीतेच्या काळ्या मूर्ती. पूर इथवर येत नाही. या दारांशी माणसंच अडवली गेली. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी नाशकात तो पुढे नेला. दारं बंद ठेवली गेली, सत्याग्रही बाहेर बसून राहिले, रामनवमीच्या रथावरून संघर्ष झाला. लढा काही वर्षं चालला, तरी दारं उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या दारातून आज कुणीही सहज आत जातो, त्यासमोर मिनिटभर थांबून हा इतिहास आठवायलाच हवा. त्याशिवाय काळारामचं दर्शन अपुरं आहे.

आता पुन्हा पाण्याकडे. 2016 या एकाच वर्षाने नाशिककरांना दोन टोकं दाखवली. एप्रिलमध्ये, ऐन पाडव्याच्या सुमारास, रामकुंड कोरडं पडलं. स्नानाला आलेले भाविक हिरमुसले आणि पुढे कुंडात टँकरने पाणी ओतावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला आणि कुंडाभोवतीची छोटी देवळं पाण्याखाली गेली. दुष्काळ आणि अतिवृष्टी ही कारणं उघड आहेत, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. 2003च्या सिंहस्थाच्या तयारीत कुंडांच्या तळाशी काँक्रीट घातलं गेलं. त्याने जिवंत झरे बुजले, असं गोदाप्रेमी वर्षानुवर्षं सांगत आले, त्यासाठी न्यायालयातही गेले. काही कुंडांतलं काँक्रीट पुढे काढलं गेलं. धरणातून पाणी सोडलं नाही की प्रवाह थबकतो, हे दुखणं कायम आहे. वरुणा म्हणून ओळखली जाणारी वाघाडी आज सांडपाणी घेऊन गोदेला मिळते आणि अरुणा तर डोळ्यांना दिसतही नाही.

2027च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते आणि पूल यांची कामं होतील. झरे मोकळे करणं आणि वाघाडीचं पाणी शुद्ध करणं ही कामं त्या यादीत सर्वांत वर असायला हवीत, कारण भाविक येतात ते या पाण्यासाठी.

पुढच्या भागात पांडवलेणी : 24 लेणी, सातवाहन आणि क्षत्रपांचे शिलालेख, आणि गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या पराक्रमाबद्दल दगडात कोरून घेतलेला मजकूर.