फ्लाइटगिअरची विकी

फ्लाइटगिअर हा विमान उडवण्याचा अनुभव देणारा मुक्त संगणक-कार्यक्रम. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जगभरचे स्वयंसेवक तो घडवत आहेत. विमानांची मांडणी एक्सएमएल फायलींत आणि बरीचशी हालचाल 'नॅसल' या छोट्या भाषेत लिहिलेली असल्याने, सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंग भाषा न येणाऱ्यालाही नवे विमान करता येते. पण हे त्याला सांगणार कोण? त्यासाठीच विकी, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहायचे आणि सुधारायचे संकेतस्थळ.

ही विकी मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालते. विकिपीडियाही त्यावरच उभा आहे. प्रत्येक बदलाची नोंद राहते, चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. म्हणून नवख्यालाही निर्धास्तपणे लेख सुधारू देता येतो.

खरी अडचण वेगळीच. कार्यक्रम पुढे जातो, लेख मागे राहतो. एखाद्या मेन्यूची जागा बदलली की जुनी सूचना नवशिक्याला तासभर घोळात टाकते. माझ्या मते नवा लेख लिहिण्याइतकेच जुना तपासण्याचे काम मोलाचे आहे. सूचना कोणत्या आवृत्तीसाठी आहे, एवढे लेखाच्या माथ्यावर लिहिले तरी पुष्कळ त्रास वाचतो. सेसना 172 हे विमान सुरू करताना लेखातली एखादी पायरी चुकीची दिसली, तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करा.