नांग्या भरायच्या त्या वेळेतच : अंगणवाडीच्या दाराबाहेरची लेकरे आणि आपण



लागण झाली की महिन्याभरात आपण सरीसरीने फिरतो. कुठे डोळा फुटला, कुठे नाही, हे वाकून बघतो आणि मोकळ्या जागी रोप लावून नांगी भरतो. हेच काम दोन-तीन महिन्यांनी केले तर काय होते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. शेजारचा ऊस वर गेलेला असतो, मागून लावलेले रोप सावलीत खुरटते आणि तोडीला त्या जागी वजन मिळत नाही. जमीन तीच, पाणी तेच, खतही तेच. चुकते ती फक्त वेळ.

लेकरांच्या बाबतीतही वेळेचा हिशेब असाच कडक आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद आहे. म्हणजे पहिलीत नाव घालायच्या आधीच पायाची बरीचशी भरणी झालेली असते. या वयात मूल जिथे असायला हवे ती जागा म्हणजे गावची अंगणवाडी. गावात अंगणवाडी असते, सेविका असते, मदतनीस असते, खिचडी शिजते, गाणी होतात. तरीही काही लेकरे दाराबाहेर राहतात. नांगी पडते ती लेकरात नव्हे, आपल्या व्यवस्थेत. ती कुठे पडते आणि कशी भरायची, एवढाच आजचा विषय आहे.

दाराबाहेर कोण?

आमच्या पाहण्यात दोन प्रकारची लेकरे बाहेर राहतात. पहिले घरातले. कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे पाय ताठ, कुणाची समज सावकाश. घरची माणसे प्रेमळ असतात, पण पोराला चारचौघांत न्यायला बिचकतात. आजी म्हणते, "बोलंल की! ह्याचा बाप बी चार वर्सांचा झाल्यावर बोलला." कुणी म्हणते, "तिथं पोरं हसत्यात, कशाला पाठवायचं?" आणि मूल सोप्यात खाटेवर बसून राहते. आईला मात्र दोन्हीकडून ऐकावे लागते. सासरचे म्हणतात तुझ्या माहेरचे, माहेरचे म्हणतात तुझ्या नशिबाचे.

दुसरे लेकरू आपल्या फडातले. बीड, जालना, अहिल्यानगर भागातून, तसेच आपल्याच जत-आटपाडीकडून कोयते येतात. त्यांच्याबरोबर तान्ही आणि दोन-चार वर्षांची पोरे येतात. पहाटे टोळी फडात गेली की पोरगे पाचटावर, नाहीतर गाडीच्या सावलीला. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते, कारण ते गावचे नसते. आणि त्याच्या गावची अंगणवाडी त्या वेळी दोनशे-तीनशे किलोमीटरवर असते.

एक घरात अडकलेले, एक फडात. पण दोघांची पाच-सहा महत्त्वाची वर्षे सारखीच निघून जातात.

अंगण त्यांच्या दारी नेले

"अंगणवाडी" हा शब्द सरकारी कागदावर यायच्या कितीतरी आधी आपल्या महाराष्ट्रात कामाला लागला होता. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले.

बालवाडी काढली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली पोरे तिथवर येईनात. तेव्हा ताराबाईंनी पोरांच्या आयांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून वस्तीत नेली आणि झोपडीपुढच्या अंगणात भरवली. तीच अंगणवाडी. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहते म्हणून शाळेत येत नाही, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडली. ती विकासवाडी. पोरे गुरे राखायला जातात, तर शाळा गुरांमागे कुरणात गेली. ती कुरणशाळा. खेळणीसुद्धा शिंपले, बिया, पाने, खडे अशी भोवतालचीच.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पुरस्कारांपेक्षा मोठी गोष्ट त्यांची रीत. मूल येत नसेल तर मुलात खोट काढायची नाही, आपल्या जागेत, वेळेत आणि पद्धतीत काय अडते ते बघायचे. सर्वांना सामावून घेणारे बालशिक्षण म्हणून आज जे सांगितले जाते, त्याचे सगळे सार एवढ्यात आले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी, ३३ प्रकल्पांत. आता ती गावोगाव आहे. नाव अंगणवाडीच राहिले. नावामागची रीत मात्र प्रत्येक गावाने नव्याने उचलायची आहे.

आपल्या मातीला हे नवे नाही

सातारा-सांगलीच्या माणसाला तर ही गोष्ट परकी वाटायचे कारणच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत, एकत्र काम करत, एकत्र शिकत. त्या काळी याला विरोध करणारे थोडे नव्हते. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला भेट दिली. "आमच्या पोरांबरोबर त्यांची पोरं कशी बसणार?" हा प्रश्न तेव्हाही होता. त्याचे उत्तर कर्मवीरांनी भाषणात दिले नाही, पंगतीत दिले.

आपला कारखानाही त्याच विचारावर उभा आहे. अर्धा एकर असो की वीस एकर, सर्वसाधारण सभेत मत एकच. पंधरा गुंठेवाल्याला कुणी बाहेर बसवत नाही. मग गावच्या अंगणवाडीत चार वर्षांचे लेकरू बाहेर का?

कायदा आणि सोयी काय आहेत

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, सिकलसेल, थॅलसेमिया हे त्यात आले. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धतीच जाहीर केली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत : लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला अंगणवाडीत सामावून घेऊन घरच्यांना बळ देणे आणि पुढच्या तपासणीला पाठवणे. म्हणजे दिव्यांग मुलाला घेणे ही सेविकेची मेहेरबानी नाही, ते तिचे ठरलेले काम आहे.

तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. त्याचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची उणीव, आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी बघते. गरज असल्यास मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवते. पथक यायच्या दिवशी मूल घरात झाकून ठेवले, तर डॉक्टरांना ते दिसणार कसे?

घरी काय बघावे

यासाठी डॉक्टर व्हायला नको. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

• मोठा आवाज झाला तरी तान्हे दचकत नाही, हाकेच्या दिशेने बघत नाही.
• तीन महिने झाले तरी तोंडाकडे बघून हसत नाही.
• नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही.
• दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही.
• दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही.
• येत होते ते बोलणे, चालणे किंवा ओळखणे बंद पडले.

यातले एक जरी दिसले तर "होईल सावकाश" म्हणून थांबू नका. आशाताईला, सेविकेला सांगा. तपासून काही निघाले नाही तर उत्तमच.

कानाची गोष्ट तर फारच वेळेची. जन्मानंतर एका महिन्यात पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपाय, असा वैद्यकातला दंडक आहे. मुके म्हणून ओळखली जाणारी बरीच मुले मुळात मुकी नसतात. त्यांच्या कानावर शब्दच पडलेला नसतो, म्हणून जिभेवर येत नाही. वेळीच यंत्र मिळाले, हातांची खुणांची भाषा मिळाली, तर ते लेकरू आपले म्हणणे मांडू लागते. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करायची चाल आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. अशा घरी तर तपासणीला दिवस लावू नयेत. आणि निदान काहीही निघो, दोष आईवर टाकू नये.

सामावून घेणे म्हणजे काय?

पटावर नाव घातले आणि कोपऱ्यात बसवले, याला सामावून घेणे म्हणत नाहीत. कमी ऐकू येणारे मूल सेविकेच्या समोर, उजेडाकडे तोंड येईल असे बसवावे. बडबडगीत हातवारे करून घ्यावे. कमी दिसणाऱ्याला आवाज करणारा चेंडू आणि ठळक, मोठी चित्रे द्यावीत. ज्याची बोटे वळत नाहीत त्याच्या खडूला कापड गुंडाळून जाड मूठ करावी. पाय ताठ असलेल्याला भिंतीच्या कोपऱ्याचा आणि उशीचा आधार देऊन गोलातच बसवावे, गोलाबाहेर नको. चावता न येणाऱ्याची खिचडी मऊ घोटावी. यातले काहीच महाग नाही. थोडे सुताराचे काम, थोडे शिवणकाम आणि बाकी लक्ष.

"बाकीच्या पोरांचं नुकसान होईल," असे कुणी म्हणतात. उलट हातवारे करून घेतलेले गाणे सगळ्यांनाच लवकर पाठ होते. आणि तिसऱ्या वर्षी जे पोर शेजारच्याचा हात धरून त्याला झोपाळ्यापर्यंत नेते, ते मोठेपणी कुणाला "लंगड्या" म्हणून हाक मारत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. अंगणवाडी म्हणजे दवाखाना नव्हे. काही मुलांना व्यायामोपचार लागतो, काहींना पुढे खास शिक्षक किंवा खास शाळाही लागते. ते सर्व करावेच. पण ते चालू असताना मूल गावच्या पोरांतून तोडू नये. शिवाय सेविकेच्या अंगावर वजन-उंची, लसीकरणाची मदत, आहारवाटप आणि मोबाईलमधली नोंद अशी कामांची रास आहे. तिच्या एकटीवर भार टाकून गावाने बाजूला होणे बरोबर नाही.

फडातल्या लेकराचे काय?

साखरशाळा हा शब्द जुन्या सभासदांना आठवत असेल. तळावर पोरांसाठी हंगामी शाळा भरत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हापासून सहा वर्षांवरच्या मुलांना जवळच्या शाळेत घेण्याचे बंधन आले. मोठ्या मुलांसाठी त्यांच्या गावाकडे वसतिगृहे आहेत. पण दोन-तीन वर्षांचे पोर आईला सोडून राहणार कुठे? ते फडातच येणार.

त्याला अंगणवाडीचा आहार आणि लस मिळायला हरकत नाही. २०२१ पासून चालू असलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये एका गावचे नाव दुसऱ्या गावी हलवण्याची सोय आहे. अडचण असते ती सेविकेला कळण्याची. टोळी कुठे उतरली, कोप्या किती, पोरे किती, हे तिला कोण सांगणार? हे आपल्या चिटबॉयला, ओव्हरसियरला आणि मुकादमाला पहिल्या दिवशीच ठाऊक असते. दुसरी अडचण वेळेची. फडातली आई पहाटेच निघते, अंगणवाडी उघडते उशिरा. मधले तास पोर कुणाकडे? इथे कोसबाडचा धडा कामी येतो. टोळीतली एखादी वयस्क बाई तळावर पोरांजवळ राहिली, तिची मजुरी भरून निघाली आणि सेविका आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तळावर गेली, तर पोर गाडीच्या चाकाजवळ निजणार नाही. फडात वळणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची भीती आपल्यापैकी कुणाला नाही?

आपण सभासदांनी काय करावे

१. आपल्या वाडीत सहा वर्षांखालचे कोण घरी आहे, ते सेविकेला सांगावे. आपल्याच घरात असेल तर उद्या सकाळी हात धरून न्यावे.

२. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. अंगणवाडीला उतार, कठडा, धरायची दांडी आणि बसायचे शौचालय यांचा विषय ग्रामसभेत मांडावा.

३. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. एका आईला पोर काखेत घेऊन हे जमत नाही. गाडी जाणार असेल त्या दिवशी तिला सोबत घ्यावे.

४. आपल्या उसाला टोळी आली की लेकरांची संख्या सेविकेला कळवावी. तळाशेजारी विहीर उघडी असेल तर कठडा घालावा.

५. महिला सभासदांनी अंगणवाडीत महिन्यातून एक सकाळ द्यावी. गोष्ट सांगावी, खेळणी शिवावीत, आणि कोण आले नाही ते विचारावे.

टनेज वाढावे म्हणून आपण बेणे निवडतो, माती तपासतो, ठिबक बसवतो. त्याच काटेकोरपणाने या हंगामात प्रत्येकाने आपल्या गल्लीतली आणि आपल्या फडातली लेकरे एकदा मोजावीत आणि अंगणवाडीच्या पटाशी ताडून बघावीत. आकडा जुळला नाही तर तिथे नांगी आहे असे समजावे आणि ती ह्याच महिन्यात भरून घ्यावी.