गोल्डवॉटर यांचं ते एक मत

बॅरी गोल्डवॉटर १९६४ ची अध्यक्षीय निवडणूक हरले, पण त्यांचा विचार १९८० मध्ये रेगन यांच्या रूपाने जिंकला, असं त्यांचे चाहते सांगतात. त्यात तथ्य आहे. गोल्डवॉटर यांच्या प्रचारासाठी २७ ऑक्टोबर १९६४ रोजी टीव्हीवर केलेल्या भाषणानेच रेगन राजकारणात पुढे आले. तरीही माझ्या मते गोल्डवॉटर यांच्या कारकिर्दीचा निकाल त्याआधीच, १९ जूनला लागला होता. त्या दिवशी सिनेटने नागरी हक्क विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केलं. विरोधात गेलेले रिपब्लिकन अवघे सहा, आणि त्यांत ॲरिझोनाचे गोल्डवॉटर होते.

ते वर्णद्वेष्टे नव्हते, हा बचाव खोटा नाही. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिलं होतं. त्यांच्या सचोटीबद्दलही शंका नको. ऑगस्ट १९७४ मध्ये सिनेटमध्ये आता पाठिंबा उरला नाही, हे निक्सन यांना तोंडावर सांगायला गेलेल्या तिघांत ते होते. हॉटेलात कोणाला बसू द्यावं, नोकरीवर कोणाला घ्यावं, यात पडण्याचा अधिकार राज्यघटना केंद्राला देत नाही, असं ते मनापासून मानत. पण केंद्राने हात काढला की अधिकार जाणार कोणाकडे? कृष्णवर्णीयांना मतदारयादीतसुद्धा येऊ न देणाऱ्या मिसिसिपीसारख्या राज्यांकडे. तिथल्या गोऱ्या मतदाराने या मताचा अर्थ अचूक ओळखला आणि मिसिसिपीत गोल्डवॉटर यांना ८७ टक्के मतं पडली. देशभरात मात्र प्रतिस्पर्धी जॉन्सन यांच्या ४८६ निर्वाचक मतांसमोर त्यांच्या हाती आली ५२: स्वतःचं ॲरिझोना आणि दक्षिणेच्या गाभ्यातली पाच राज्यं.

दक्षिण आधीपासूनच रिपब्लिकनांकडे झुकत होती, असाही एक आक्षेप आहे. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी टेक्सास, फ्लोरिडा, व्हर्जिनिया, टेनेसी आणि लुईझियाना जिंकली होती, हे खरंच. पण गोल्डवॉटर यांनी त्यांतली पहिली चार गमावली. मिळवली ती आयझेनहॉवरना दोन्ही वेळा नाकारणारी मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना. जॉर्जियाने तर तोवर एकाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला नव्हता. हा जुन्याच प्रवाहाचा पुढचा टप्पा म्हणता येणार नाही. जूनमधल्या त्या मताने प्रवाहाची दिशाच बदलली.

१९६० मध्ये निक्सन यांना कृष्णवर्णीयांची जवळपास एक तृतीयांश मतं मिळाली होती. १९६४ पासून आजवर रिपब्लिकन पक्षाच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराला तेवढी मिळालेली नाहीत.