शून्य अधिक सहा बरोबर अकरा

१९९० साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १२ निरोगी स्वयंसेवक होते. त्यांना मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं, तेव्हा श्वासावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, तेव्हा ६ जणांच्या रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला. मग दोन्ही औषधं एकत्र दिली. आता ११ जणांचा ऑक्सिजन उतरला आणि ६ जणांचा श्वास काही वेळ थांबलाच!

हे गणित शरीराचं आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या बुंध्यातलं केंद्र श्वास घ्यायला लावतं. फेंटानिल त्या केंद्राला बधिर करतं. एरवी निदान जागेपणा तरी श्वास चालू ठेवतो. मिडाझोलाम तोही काढून घेतं.

श्वास थांबल्यावर सावरायला मिळणारा वेळ लहान मुलांत तर आणखी थोडा. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं आणि फुप्फुसातला साठा लवकर संपवतं. म्हणून वडवणीत झाडावरून पडून हात मोडलेलं लेकरू बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेलं, की हात बसवायला गुंगी देण्याआधी त्याचं वजन होतं. औषधाची मात्रा ठरते ती किलोमागे. दोन औषधं द्यायची, तर दोन्हींची मात्रा कमी करावी लागते.

मग एकत्र द्यायचीच कशाला? कारण काही जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात, आणि मला या विद्येतलं सर्वांत सुंदर हेच वाटतं. प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध रक्तदाब उतरवतं, केटामीन हे दुसरं औषध तो चढवतं. केटामीनने वेदना जाणवत नाही, तरी श्वास बहुधा आपला आपण चालू राहतो. मात्र उलट्या होऊ शकतात. सोबत थोडं मिडाझोलाम असलं, तर त्या कमी होतात.

मिडाझोलामवर उतारा आहे, फ्लुमाझेनिल, फेंटानिलवर नॅलोक्सोन. पण उताऱ्याचा अंमल औषधाआधी ओसरू शकतो आणि शुद्धीवर आलेलं मूल पुन्हा गुंगीत जाऊ शकतं. केटामीनला तर असा उताराच नाही. म्हणून हात बसवणारा डॉक्टर वेगळा हवा आणि श्वासावर नजर ठेवणारा वेगळा. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन उतरल्यावर बोलतं; बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र श्वास थांबताक्षणीच सांगतं. माझ्या मते हे दुसरं यंत्र चैन नव्हे, गरज आहे.

आईबापांकडेही मोठं काम असतं. सर्दी-खोकल्याच्या कित्येक औषधांनी झोप येते, म्हणजे तीही गुंगीत भर घालणारी औषधंच. घरी काय पाजलं आणि शेवटचा घास कधी खाल्ला, हे डॉक्टरांना न लपवता सांगावं. गुंगी देण्याच्या साधं पाणी २ तास, अंगावरचं दूध ४ तास आणि वरचं दूध किंवा हलकं खाणं ६ तास आधी बंद, असा सर्वसाधारण नियम आहे. परत वडवणीला येताना लेकरू गाडीत झोपलं, तर त्याची हनुवटी छातीवर टेकू देऊ नये. तेवढ्यानेही श्वासाची वाट बंद होऊ शकते. गाडी चालवणारा एक आणि लेकराकडे बघणारा दुसरा, अशी दोन मोठी माणसं सोबत असावीत.