'बुढा' शब्दाचे मूळ आणि अर्थ

वऱ्हाडी बोलीत 'बुढा' आणि 'बुढी' हे शब्द नित्य वापरातले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा व त्याच्या आसपासच्या गावांत 'आमचा बुढा वावरात गेला' असे कोणी म्हटले, तर 'आमचे वडील शेतात गेले' असा त्याचा अर्थ होतो. 'बुढी' म्हणजे आई किंवा घरातील वयस्क स्त्री आणि 'बुढा-बुढी' म्हणजे आईवडील. बोलणाऱ्याच्या मनात त्यात अनादर नसतो. परंतु गावातील मुलगा शिक्षणासाठी शहरात गेला की त्याला हा शब्द ग्राम्य, किंबहुना अपमानकारक वाटू लागतो. काही जण हिंदीतून आलेला उसना शब्द म्हणून तो बाजूस सारतात. तर 'बुद्ध' म्हणजेच 'बुढा' अशी भाबडी व्युत्पत्तीही अधूनमधून कानी पडते. या सर्व समजुती पालीच्या आधारे तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

संस्कृतातील 'वृध्' या धातूचा अर्थ वाढणे असा आहे; 'वृद्ध' म्हणजे वाढलेला. पालीत 'ऋ' हा स्वर नाही. त्याच्या जागी अ, इ किंवा उ येतो आणि 'व'सारख्या ओष्ठ्य वर्णानंतर पुष्कळदा 'उ' येतो. 'वृष्टि'चे 'वुट्ठि' होते ते याच रीतीने. शिवाय मूळच्या 'ऋ' किंवा 'र्'च्या प्रभावाने दंत्य वर्ण मूर्धन्य बनतो. 'अर्ध'पासून 'अड्ढ' झाला आणि आपला 'अडीच' हा शब्द त्याच कुळातला आहे. या दोन नियमांनी 'वृद्ध'चे पाली रूप 'वुड्ढ' असे सिद्ध होते. पुढे जोडाक्षर सुटले आणि 'ढ' उरला. प्रमाण मराठीतील 'वाढणे' हे क्रियापदही 'वड्ढति'च्या द्वारे याच धातूपासून आले आहे. म्हणजे 'वाढ' आणि 'बुढा' ही एकाच घरातील भावंडे होत.

राहिला प्रश्न आरंभीच्या 'ब'चा. मराठी सामान्यतः 'व' राखते, हिंदी त्याचा 'ब' करते. वड-बड, वाघ-बाघ, वीस-बीस या जोड्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत. त्यामुळे 'बुढा'तील 'ब'वर उत्तरेच्या भाषांची छाया मानण्यास जागा आहे. वऱ्हाड ही दोन भाषांच्या शेजाराची भूमी आहे, हेही विसरून चालणार नाही. मात्र 'ब' केवळ अर्वाचीन हिंदीचा, असेही म्हणता येत नाही. 'वुड्ढ' शब्दाचे 'ब'ने आरंभ होणारे पाठ पाली ग्रंथपरंपरेतही आढळतात.

आता 'बुद्ध' शब्दाकडे वळू. तो 'बुध्' म्हणजे जागे होणे, जाणणे या धातूपासून झाला आहे. बुद्ध म्हणजे जागृत झालेला, ज्ञानी. त्यातील 'ब' मूळचाच आहे आणि 'द्ध' दंत्यच राहतो. ध्वनी जवळचे असले तरी दोहोंची कुळे वेगळी आहेत. एक वयाने किंवा क्रमाने वाढतो, दुसरा जागा होतो. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे पिटकांतील उपयोगावरून दिसते. महापरिनिब्बानसुत्तात सुभद्द नावाचा एक भिक्खू आहे. तो वृद्धापकाळी प्रव्रजित झालेला, अर्थात 'वुड्ढपब्बजित'. तथागतांच्या महापरिनिब्बानानंतर, आता आपणांस मन मानेल तसे वागता येईल, असे तो शोकाकुल भिक्खूंना सांगतो. वय वाढले, पण जाग आली नाही, याचे हे उदाहरण आहे.

तरीही 'वुड्ढ' या शब्दाला संघात फार मोठे स्थान होते. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात प्रसंग येतो तो असा. उत्तम आसन, पाणी आणि भिक्षा यांचा पहिला मान कोणाचा, असे भगवंतांनी विचारले. कोणी क्षत्रिय कुळातून, कोणी ब्राह्मण कुळातून प्रव्रजित झालेल्याचे नाव घेतले; कोणी विद्वानाचे. तेव्हा भगवंतांनी तित्तिर पक्षी, वानर आणि हत्ती यांची कथा सांगितली. ज्या वडाखाली ते राहत, तो कोणी किती लहान पाहिला यावरून त्यांनी आपले ज्येष्ठत्व ठरविले. ज्याच्या विष्ठेतील बीजापासून तो वड उगवला, तो तित्तिर सर्वांत ज्येष्ठ ठरला आणि धिप्पाड हत्तीने त्याचा मान राखला. भिक्खूंमध्ये वंदन आणि आसन 'यथावुड्ढ' असावे, असा नियम तेथे सांगितला आहे. हे ज्येष्ठत्व उपसंपदेपासून मोजावयाचे. जन्म, कुळ किंवा धन यांवरून नव्हे. शाक्य कुमारांनी आपल्याआधी उपाली या न्हाव्याला प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली, ती याच कारणाने. पुढे त्याला वंदन करणे भाग पडावे व आपला कुलाभिमान गळावा, असा त्यांचा हेतू होता.

अशोकाच्या आठव्या शिलालेखात वृद्धांच्या भेटीचा व त्यांना द्यावयाच्या धनाचा उल्लेख आहे. या लेखाचा एक तुकडा इ.स. १८८२ मध्ये आपल्या सोपाऱ्यासही सापडला. गिरनारच्या पाठात वृद्धांसाठी 'थैर' शब्द येतो, तर कालसी व धौली येथे 'वुढ' कुळातील रूप येते. 'थैर' म्हणजे पालीतील 'थेर', संस्कृत 'स्थविर'. संघातील ज्येष्ठांची ही सन्माननीय उपाधी मराठीत 'थेरडा' बनून शिवीच्या पंक्तीत जाऊन बसली! 'म्हातारा' हा शब्दही 'महत्तर' म्हणजे अधिक थोर यापासून आला. प्राचीन ताम्रपटांत गावच्या प्रमुखांना महत्तर म्हटलेले आढळते. शब्द खाली घसरले ते ध्वनीच्या दोषाने नव्हे. म्हाताऱ्या माणसाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी जशी बदलली, तसे त्यांचे अर्थ बदलले.

केवळ केस पिकले म्हणून कोणी थेर होत नाही, अशी शिकवण धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गात आहे. म्हणून 'बुढा' शब्द जुना आहे एवढ्यावरून त्याचा गौरव करावा, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या शब्दाने वऱ्हाडातील शेतकरी व शेतमजूर आपल्या बापाला ओळखतात, त्याची लाज बाळगण्याचेही काही कारण नाही. लोकांचा शब्द सहजासहजी मरत नाही, हे साखरखेर्डा गावालाच ठाऊक आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि विजयाची खूण म्हणून गावाला 'फतेहखेर्डा' हे नाव देण्यात आले. ते कागदोपत्री राहिले; लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच टिकले. 'बुढा' शब्दही असाच टिकला आहे. तो उच्चारताना त्यातील 'वाढलेला' हा मूळ अर्थ तरुणांनी ध्यानी ठेवावा, आणि घरातील बुढ्या-बुढीला 'यथावुड्ढ' मान द्यावा. शब्दाची प्रतिष्ठा शेवटी त्या वागणुकीवरच अवलंबून आहे.