रानमांजर आणि समुद्रकाकडी

आपटा हे गाव पाताळगंगेच्या काठी वसलेले. नदीकाठचे उंच गवत आणि भातखाचरांचे बांध, ही जागा रानमांजराच्या मोठ्या आवडीची. हीच पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि खाडी समुद्राला. त्या समुद्राच्या कडेने दक्षिणेस रत्नागिरीपर्यंत गेल्यास ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यांत काळी, लिबलिबीत अशी एक वस्तू पडलेली आढळते. तीच समुद्रकाकडी. नाव काकडीचे, पण आहे प्राणी. या दोघांची तुलना आम्ही करू लागलो म्हणजे आपणांस गंमत वाटेल. तथापि तिच्या अखेरीस नाते निघते.

प्रथम भेद पाहू. रानमांजर कानांनी व डोळ्यांनी शिकार हेरते. राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासावरून एक रानमांजर दिवसाला 3 ते 5 उंदीर खात असावे, असा अंदाज केला गेला आहे. शेतकऱ्याचा हा बिनपगारी रखवालदारच. समुद्रकाकडीला मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे, एवढेच. ती वाळू गिळते, तीतला सेंद्रिय अंश पचवते आणि उरलेली वाळू मागे टाकते. श्वासही ती गुदद्वारानेच घेते! शत्रू आला म्हणजे मांजर नखे काढते. ही काळी काकडी मागील द्वारातून चिकट पांढरे धागे फेकते आणि पुढे ते पुन्हा वाढवते.

आता नाते. पाय, डोळे, चपळाई पाहता खेकडा मांजराला जवळचा वाटेल. परंतु तसे नाही. गर्भात जे छिद्र पहिल्याने उमटते, त्या बाजूस मांजर व समुद्रकाकडी या दोघांचेही गुदद्वार होते. तोंड मागाहून दुसरीकडे उघडते. आपलेही तसेच. खेकड्याची शाखा त्यापूर्वीच निराळी झाली. म्हणजे डबक्यातला तो काळा गोळा आपलाच दूरचा सोयरा.

दोघांवरही संकट माणसाचेच आहे. उसाच्या फडात सापडलेली रानमांजराची पिले बिबट्याची समजून लोक उचलून नेतात आणि ती आईला मुकतात. समुद्रकाकडी वाळवून चीनकडे चोरून धाडली जाते. म्हणून 2001 साली तिच्या सर्व जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेण्यात आल्या. रानमांजरासही 1972 च्या याच कायद्याचे संरक्षण आहे. पण फडात किंवा डबक्यापाशी कायदा उभा नसतो, आपण असतो. पिले दिसली तर जागच्या जागी राहू द्यावीत, काकडी दिसली तर तिला हात लावू नये. सोयऱ्यांशी एवढे तरी सौजन्य असावे.