दातातील पोकळी कशाने भरावी?

मोडलेले हाड सांधते. दाताला पडलेली पोकळी मात्र आपोआप बुजत नाही. कीड कोरून काढल्यावर ती भरावीच लागते. कशाने भरावी, हे दाताची जागा, त्यावरील दाब व पोकळीचा आकार यांवरून ठरते.

चावण्याचा मुख्य भार दाढांवर पडतो. तेथे दीर्घकाळ ‘चांदी’ भरली जात असे. या मिश्रणात सुमारे ५० टक्के पारा असतो व उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे. ते टिकाऊ असून ओलावाही सोसते. परंतु दाताला चिकटत नसल्यामुळे त्याला आधार मिळावा म्हणून निरोगी भागही कोरावा लागतो. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २०१३ च्या मिनामाता करारात त्याचा वापर घटविण्याचे ठरले.

काचेचे सूक्ष्म कण मिसळलेले कॉम्पोझिट दाताच्याच रंगाचे असते. आम्लाने खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला ते घट्ट धरते. म्हणून कोरणे कमी पुरते. पुढच्या दातांना ते विशेष शोभते व दाढांतही भरता येते. मात्र भरताना तेथे लाळ पोहोचता कामा नये.

हिरडीलगत किंवा लहान मुलाच्या तोंडात एवढा कोरडेपणा राखणे कठीण असते. अशा वेळी ग्लास आयोनोमर सिमेंट उपयोगी पडते. ते स्वतःच दाताला चिकटते व फ्लोराइड सोडते. परंतु जोराच्या चर्वणाखाली लवकर झिजते वा तुटते.

भरण बदलताना प्रत्येक वेळी दाताचा थोडा अंश जातोच. म्हणून पहिली निवड विचारपूर्वक करणे, हेच दात राखण्याचे साधन होय.